वही मिटण्याची रीत

सन 2021 च्या नोव्हेंबरातील गोष्ट. दिवाळी नुकतीच आटोपली होती आणि गावोगाव गेलेली मंडळी परतीच्या वाटेवर होती. आमच्या गिरगावातील चाळीत पहिल्या मजल्यावर एक वृद्ध बाई राहतात. त्यांच्या नातवास नागपुराहून परत आणावयाचे होते. रात्री साडेअकरा वाजून गेल्यावर मुलाने तिकिटासाठी संगणक उघडला, तो आरक्षण बंद! दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र हाती घेऊन बाई माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, हे काय वाचते मी? रोज सहा तास, आणि तेही लागोपाठ सात रात्री! माणसाला झोप लागते हे समजते. यंत्राला कशाला हवी झोप?"

बातमी खरी होती. रेल्वे मंत्रालयाने त्या महिन्याच्या 14 तारखेस असे जाहीर केले होते की, सात रात्री साडेअकरा वाजल्यापासून पहाटे साडेपाच वाजेपर्यंत आरक्षण करणे, तिकीट रद्द करणे वगैरे व्यवहार बंद राहतील. 139 या क्रमांकावरील दूरध्वनीची चौकशी मात्र चालू राहील. बाईंच्या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. खडू, फळा आणि हजेरीपट यांच्या संगतीत चाळीस वर्षे काढली. परंतु माझा एक भाचा एका मोठ्या बँकेच्या संगणकघरात रात्रपाळी करतो. त्यास मी गाठले. तो हसून म्हणाला, "मामा, लोक विचारतात बंद का करता म्हणून. आम्हांला चिंता असते ती बंद कसे करावे याची. आणि त्याहून मोठी चिंता, पुन्हा सुरू कसे करावे याची."

हे उत्तर मला प्रथम शब्दच्छल वाटले. बंद करणे म्हणजे बटण दाबणे, याहून त्यात काय असावयाचे? परंतु बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की, ही गोष्ट मला सोळा वर्षांपूर्वीच, आणि तीही फार महाग किमतीला, शिकावयास मिळाली होती. मी ती शिकलो नव्हतो एवढेच. तो प्रसंग पुढे सांगणारच आहे. तत्पूर्वी ही वही म्हणजे काय चीज आहे ते पाहू.

भुलेश्वरातील एखाद्या दुकानदाराची वही ही एकच वही असते. रात्री शिल्लक मोजावी, रोजकिर्दीशी ताडून पाहावी, वही कापडात बांधावी, दिवा मालवावा, झाले. रेल्वेच्या आरक्षणाची वही तशी नाही. माझ्या तरुणपणी बोरीबंदरावर प्रत्येक गाडीचे, प्रत्येक तारखेचे निराळे रजिस्टर असे. ज्या कारकुनाच्या हाती ते रजिस्टर, त्याच्याच खिडकीसमोर त्या गाडीची रांग. परगावाहून परतीचे आरक्षण हवे असल्यास त्या गावी तार जाई आणि उत्तराची तार येईपर्यंत उतारूने जीव मुठीत धरून बसावे. जागा मिळाली आहे असेही म्हणता येत नसे आणि नाही असेही म्हणता येत नसे. ही जी मधली लोंबकळती अवस्था, ती श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढील सारे प्रकरण तिच्याभोवतीच फिरते.

1985 च्या नोव्हेंबरात दिल्लीस संगणकाच्या आरक्षणास प्रारंभ झाला. 1987 साली ते मुंबईस आले. रांगा एकदम सुधारल्या, कारण कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. तथापि मुंबईची वही मुंबईत आणि कलकत्त्याची वही कलकत्त्यात, असाच प्रकार बरीच वर्षे होता. 1994 साली सिकंदराबादेस 'कॉन्सर्ट' नावाची नवी रचना सुरू झाली आणि 1999 च्या एप्रिलपर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे परस्परांस जोडली गेली. आता दादरच्या खिडकीवर उभे राहून हावड्याहून सुटणाऱ्या गाडीतील जागा घेता येऊ लागली. वही एक, पण तिची पाने पाच नगरांत ठेवलेली! संगणकाचे जाणकार अशा साठ्याला वाटून ठेवलेला डेटाबेस म्हणतात. बँका, वीज मंडळे, शेअर बाजार, टेलिफोन कंपन्या, सर्वांचा कारभार आज अशाच वह्यांवर चालतो.

सोय मोठी झाली. पण तीबरोबर एक अडचण जन्मास आली. दादरच्या खिडकीवर पैसे घेतले आणि त्याच क्षणी हावड्याच्या पानाकडे जाणारी तार तुटली तर? पैसे घेतल्याची नोंद येथे आहे, जागा दिल्याची नोंद तेथे नाही. किंवा त्याच्या उलट. एकाच खोलीतील वहीत असे अर्धे काम सहसा होत नाही, झाले तर चटकन दिसते. दोन गावांत वाटलेल्या वहीत ते होते आणि दिसत मात्र नाही.

आता माझा प्रसंग सांगतो.

शिक्षकांच्या व आसपासच्या वस्तीतील लोकांच्या एका लहानशा पतपेढीचा मी त्या काळी मानद चिटणीस होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. मुख्य कचेरी गिरगावात, शाखा दादरला आणि परळला. प्रत्येक सभासदाचे खाते त्याच्या त्याच्या शाखेच्या खतावणीत. पण अडीअडचणीस दुसऱ्या शाखेतून पैसे देण्याची सोय आम्ही ठेवली होती. संगणक आले होते, पण ते एकमेकांशी जोडलेले नव्हते. टेलिफोन हाच आमचा दुवा. गिरगावच्या रोखपालाने परळला विचारावे, परळच्या रोखपालाने खाते पाहून 'द्या' म्हणावे, मग येथे रक्कम द्यावी, तेथे ती नावे लिहावी, आणि संध्याकाळी शिपायाबरोबर व्हाउचर पाठवावे. वर्षानुवर्षे हे सुरळीत चालले. वर्षानुवर्षे सुरळीत चालणाऱ्या गोष्टीची परीक्षा झालेली नसते, हे त्या वेळी कोणाच्या मनात येणार?

2005 सालच्या जुलैची 26 तारीख, मंगळवार. मुंबईकरांस त्या दिवसाची ओळख करून द्यावयास नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास जेमतेम 73. म्हणजे काय झाले पहा. गिरगावात आम्हांला तो आषाढातला साधा पाऊस वाटत होता. छत्र्या मिटून लोक येत होते, कामकाज चालू होते. इकडे परळला हिंदमाताच्या बाजूने पाणी चढत होते. एकाच पेढीची एक शाखा कोरडी आणि दुसरी बुडत चाललेली, आणि कोरडीला बुडतीची वार्ता नाही.

दुपारी साडेतीनच्या सुमारास एका गिरणीकामगाराची पत्नी गिरगावच्या कचेरीत आली. नवरा रुग्णालयात होता, बारा हजार रुपये तातडीने भरावयाचे होते. खाते परळचे, शिल्लक पंधरा हजार. रोखपालाने फोन केला. परळच्या रोखपालाने, ते वयाने माझ्याएवढेच, अत्यंत सचोटीचे गृहस्थ, खतावणी पाहिली आणि म्हणाले, "शिल्लक आहे. द्या." येथे रक्कम दिली गेली, येथे नोंद झाली. तेथे त्यांनी आकडा एका चिठोऱ्यावर टिपला आणि लेखणी खतावणीकडे नेणार, तोच शिपाई ओरडला की, उंबऱ्यावरून पाणी आत आले. ते उठले, वह्या उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवल्या, विजेचा मुख्य खटका ओढला, शटर खाली घेतले आणि छातीएवढ्या पाण्यातून घरी गेले. वह्या वाचल्या. चिठोरे मेजाच्या खणात राहिले आणि खणासकट भिजून त्याचा लगदा झाला.

दोन दिवस कोणाचा कोणाला पत्ता नव्हता. टेलिफोन मुके होते. शुक्रवारी पाणी ओसरले आणि परळच्या शाखेच्या दाराशी सभासदांची दाटी झाली. कोणाच्या घरातले धान्य गेलेले, कोणाची अंथरुणे, कोणाच्या मुलांची पुस्तके. रोखपालांनी शेजारच्या दुकानातून मला निरोप पाठविला: "गिरगावची व्हाउचरे आलेली नाहीत. ती येईपर्यंत थांबू काय?" मी उत्तर दिले, "लोक दारात उभे आहेत, थांबता कसले! उघडा." दयेपोटी दिले, हे खरे. परंतु दिले मीच.

त्या दिवशी बाराच्या सुमारास त्याच बाईंचा मुलगा आईच्या सहीची पैसे काढण्याची चिठ्ठी घेऊन परळला आला. चिठ्ठी पावसापूर्वीच आईने घरखर्चासाठी देऊन ठेवलेली होती. आई रुग्णालयात, तिने गिरगावहून काय नेले ते मुलास ठाऊक नाही. परळच्या खतावणीत शिल्लक पंधरा हजार दिसत होती. मुलाने दहा हजार नेले. संध्याकाळी गिरगावचे व्हाउचर आले आणि सात हजारांचा खड्डा उघडा पडला.

संचालक मंडळाची सभा झाली. रोखपालांस विचारण्यात आले, 'द्या' असे आपण फोनवर म्हणालात काय? ते म्हणाले, होय. मग खात्यावर लिहिले का नाही? ते म्हणाले, चिठोऱ्यावर लिहिले होते. चिठोरे कोठे आहे? यावर ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पगारातून दरमहा पाचशे रुपये कापावेत असा ठराव झाला. त्या ठरावाखाली चिटणीस म्हणून माझी सही आहे.

श्रोतेहो, माझ्या भाच्याला ही हकीगत मी जेव्हा सांगितली, तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मामा, तुमच्या पेढीत जे घडले, ते टाळण्यासाठीच आमची सगळी विद्या आहे." आणि मग त्याने मला जे समजावून सांगितले, ते मी माझ्या शाळामास्तरी भाषेत मांडतो.

संगणकास दोन प्रकारची आठवण असते. एक पाटीसारखी: झरझर लिहिता येते, झरझर पुसता येते, पण वीज गेली की कोरी. दुसरी वहीसारखी: लिहिण्यास वेळ लागतो, पण वीज गेली तरी अक्षर राहते. काम चालू असता बराचसा हिशेब पाटीवर असतो, कारण दर वेळी वही उघडत बसले तर खिडकीवरची रांग हलणारच नाही. अचानक वीज तोडणे म्हणजे भरलेली पाटी पुसून टाकणे होय. यास्तव जाणत्यांनी नियम केला की, कोणताही शब्द देण्यापूर्वी तो क्रमवार चालणाऱ्या एका वहीत आधी उतरवावा. ही कल्पना आमच्या जुन्या मुनीमांस नवी नाही: रोजकीर्द आधी, खतावणी मागाहून. खतावणी अपुरी राहिली तरी रोजकिर्दीवरून ती पुन्हा भरता येते. परळच्या रोखपालांनी 'द्या' हा शब्द रोजकिर्दीत लिहून मग उच्चारला असता, तर कपाटाच्या माथ्यावर तो सुरक्षित राहिला असता. परंतु तसा नियम आम्ही त्यांना घालून दिला नव्हता. चिठोऱ्याची चाल आमचीच होती.

दोन गावांच्या वह्यांत एकच व्यवहार लिहावयाचा असेल, तर एका फेरीत भागत नाही. प्रथम मुख्याने सर्वांस विचारावयाचे, "तयार आहा काय?" ज्याने 'तयार' म्हटले त्याने आपले वचन आधी लेखी करून मगच बोलावयाचे, आणि एकदा बोलल्यावर मागे फिरावयाचे नाही. सर्वांचा होकार आला की मुख्याने 'लिहा' म्हणावयाचे. एकाचाही नकार आला वा कोणी मुका राहिला, तर 'सोडून द्या' म्हणावयाचे. जिम ग्रे नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 1978 साली आपल्या टिपणांत ही द्विपदी रीत मांडून दाखविली आणि ती आजही वापरात आहे. रेल्वेच्या 'कॉन्सर्ट'मध्ये डिजिटल या कंपनीचा एक मध्यस्थ कार्यक्रम बसविलेला होता. व्यवहार व्हावा तर पुरा व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये, हे पाहणे हेच त्याचे काम.

या रीतीत एक काटा मात्र आहे. 'तयार' म्हटल्यावर आणि 'लिहा' ऐकू येण्यापूर्वी मुख्याचा दूरध्वनी मुका झाला, तर शाखेने काय करावे? तिला लिहिताही येत नाही, सोडूनही देता येत नाही. मघाशी सांगितलेली ती लोंबकळती तार! अशा संशयित नोंदी घेऊन जी वही मिटली जाते, ती मिटलेली नसते, केवळ झाकलेली असते.

म्हणून वही मिटण्याची रीत अशी: आधी खिडकी बंद. म्हणजे नवे काम घेणे थांबवावयाचे; चालू असलेले तोडावयाचे नाही. मग जे हाती आहे ते तडीस न्यावयाचे. जे तडीस जात नाही ते स्पष्टपणे रद्द करावयाचे, लोंबकळत ठेवावयाचे नाही. मग पाटीवरचे सर्व वहीत. मग वहीत खूण करावयाची की, येथवर सर्व खतावले आहे, यापुढे काही शिल्लक नाही. कॅसँड्रा नावाच्या एका प्रसिद्ध डेटाबेसात या कामासाठी जी आज्ञा आहे तिचा शब्दशः अर्थ 'निचरा' असा आहे, आणि तो शब्द मला फार आवडला. मोरीचे पाणी निघून गेल्याखेरीज बोळा लावू नये. हे सारे झाल्यावर एकेक संगणक क्रमाने थांबवावयाचा: आधी खिडकीवरचे, मग निरोप वाहणारे, मग वही लिहिणारे, आणि वह्यांचे कपाट सर्वांत शेवटी. वीज गेली असता जी बॅटरी लागते, तिचा हेतू काम पुढे रेटावे हा असतो असा माझा समज होता. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास सबंध मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा भाचा त्याच्या कचेरीत होता. तो सांगतो की, डिझेलचे यंत्र सुरू झाले नाही तर बॅटरीची ती थोडी मिनिटे वही नीट मिटण्यासाठीच राखावयाची असतात. अधिक काम करून घेण्याचा मोह त्या वेळी ज्याला होतो तो फसतो.

बंद करण्याविषयी इतके पुरे. आता सुरू करण्याविषयी. माझी चूक तेथेच झाली होती, म्हणून यावर मी किंचित अधिक वेळ घेणार आहे.

शाळा उघडल्यावर मास्तर पहिले काम कोणते करतो? हजेरी घेतो. संगणकांचेही तेच. हडूप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड साठ्यांत एक मुख्य संगणक असतो. कोणता तुकडा कोणत्या यंत्रावर ठेवला आहे याची यादी त्याच्याकडे. सुरू होताच तो स्वतःस एका सुरक्षित अवस्थेत ठेवून घेतो: वाचा हवे तर, पण लिहू देणार नाही. प्रत्येक यंत्र आपापल्या तुकड्यांची हजेरी देत जाते आणि हजारांतील नऊशे नव्याण्णव तुकड्यांची हजेरी लागल्यावरच, थोडे आणखी थांबून, तो लिहिण्याची मुभा देतो. मी ऐकून ओशाळलो. आमच्या वर्गात साठांपैकी पन्नास मुले आली की मी शिकवावयास लागत असे!

दुसरा नियम असा की, जो सर्वांत शेवटी मिटला त्याने सर्वांत आधी उघडावे. कारण उघड आहे: शेवटपर्यंत जो जागा होता, त्याच्याच वहीत शेवटच्या नोंदी असणार. मारियाडीबी या डेटाबेसच्या गॅलेरा नावाच्या रचनेत प्रत्येक संगणकापाशी एक चिमुकली टीप असते आणि तीत, 'येथून आरंभ करणे सुरक्षित आहे काय?' या प्रश्नापुढे एक किंवा शून्य लिहिलेले असते. रीतसर मिटताना सर्वांत शेवटच्याच्या टिपेत तेवढा एक पडतो, बाकी सर्वांत शून्य. आणि सगळे एकदम, अचानक कोसळले असतील तर? तर सर्वांच्याच टिपेत शून्य! यंत्र आपण होऊन उघडावयास नकार देते. मग माणसाने जाऊन प्रत्येकाच्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक पाहावा, सर्वांत मोठा क्रमांक ज्याचा त्याच्यापासून आरंभ करावा आणि बाकीच्यांनी त्याच्यावरून आपली पाने पुरी करून घ्यावीत. आमच्या पेढीत त्या शुक्रवारी अशी टीप असती, तर परळच्या वहीवर शून्य असते, कारण परळ आधी मिटले आणि गिरगाव संध्याकाळपर्यंत चालू होते. आधी मिटलेल्या वहीला मी आधी उघडावयास लावले.

तिसरा नियम बहुमताचा. तीन शाखा असतील तर कोणत्याही दोन एकमेकींशी बोलू लागेपर्यंत एकटीने व्यवहार करू नये. पाच असतील तर तीन. नाही तर दोन गट आपापल्या समजुतीने दोन निराळ्या वह्या लिहीत बसतात आणि मग त्यांचा मेळ कोणीही घालू शकत नाही. एकट्या पडलेल्या शाखेने, दारात सभासद उभे असले तरी, दार लावून बसावे.

आता येथे कोणी श्रोता म्हणेल, मास्तर, हे बोलणे सोपे. घरात चूल विझलेल्या माणसाला हे कसे सांगावे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात नाही. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात हाच प्रश्न पडला होता. दोन टेलिफोन कंपन्यांच्या तारा एकदम बिघडल्या आणि जोखीम मोजणारी व्यवस्था चालेनाशी झाली. सौदे होऊ शकत होते, पण ते कोण पेलू शकतो हे कळत नव्हते. त्यांनी 11 वाजून 40 मिनिटांनी बाजार बंद केला आणि पुन्हा उघडला तो दुपारी पावणेचार वाजता, पाच वाजेपर्यंत. इकडे दलाल स्ट्रीटवरचा जुना बाजार चालू होता, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढला. चार तास बंद ठेवल्याबद्दल लोकांनी फार बोल लावला. पर्यायी जागी काम का हलविले नाही, हा बोल मला योग्य वाटतो. जोखीम मोजता येत नसता थांबले, याबद्दलचा नाही.

परंतु थांबणे आणि उघडणे यांच्या मध्ये एक वाट असते, आणि ती मला त्या शुक्रवारी सुचावयास हवी होती. प्रत्येक सभासदास दोन हजारांपर्यंत हातउचल द्यावी, ती खतावणीत न लिहिता निराळ्या कागदावर सहीनिशी नोंदवावी आणि गिरगावची व्हाउचरे येताच संध्याकाळी मेळ घालावा. चुलीही पेटल्या असत्या आणि वहीही शाबूत राहिली असती. फार तर दोन हजारांचा घोळ झाला असता.

2021 च्या त्या सात रात्रींकडे आता पुन्हा पाहिले म्हणजे बाईंच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. साथीच्या काळात गाड्या विशेष म्हणून धावत होत्या आणि त्यांच्या क्रमांकांच्या आरंभी शून्य लागले होते. ते काढून पूर्वीचे क्रमांक परत द्यावयाचे होते. केवळ फलकावरचा आकडा बदलावयाचा असता तर घटकाभराचे काम. परंतु त्या जुन्या क्रमांकांवर पुढच्या तारखांची असंख्य तिकिटे आधीच लोकांच्या खिशांत होती. प्रत्येक तिकिटाची नोंद एका क्रमांकाखालून काढून दुसऱ्याखाली घालावयाची, आणि ती चालू असता कोणी रद्द करावयास आला वा कोणी नवीन जागा मागू लागला, तर पुन्हा ती लोंबकळती अवस्था. म्हणून खिडकी बंद. म्हणून गर्दी कमी असते ती रात्रीची वेळ. म्हणून एकाच रात्री सर्व न करता सात रात्रींत, पायरीपायरीने. त्या जाहीरनाम्यात एक वाक्य होते, ते वर्तमानपत्रांनी बहुधा शेवटी छापले आणि वाचकांनी बहुधा सोडून दिले: बंदच्या वेळेत सुटणाऱ्या गाड्यांचे तक्ते आधीच तयार करून ठेवले जातील. मला ते वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले. ज्याने ते लिहिले, त्याला वही मिटता येत होती. बाईंना मी हे सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "असे होय! मग पूर्वीच का नाही सांगत?" आणि नातवाचे तिकीट त्यांनी सकाळी सहा वाजता काढविले.

2025 च्या जूनमध्ये रेल्वेने असे जाहीर केले की, मिनिटास बत्तीस हजार तिकिटांऐवजी दीड लाखांहून अधिक तिकिटे देऊ शकेल अशी नवी आरक्षण-रचना उभी केली जात आहे. या आकड्याचे मला कौतुक आहेच. पण जुन्या वहीतून नव्या वहीत जाताना कोणती खिडकी केव्हा लावणार, आणि नव्या घरात पहिली हजेरी कोण घेणार, हे विचारावेसे मला आता वाटते. पूर्वी वाटले नसते.

आमच्या पेढीच्या प्रकरणाचा शेवट सांगावयाचा राहिला. दिवाळीनंतर त्या बाईंना घडलेला प्रकार कळला, तेव्हा त्यांनी होऊन सात हजार रुपये चार हप्त्यांत आणून दिले. रोखपालांची कापलेली रक्कम परत झाली. परंतु त्याआधीच त्यांनी नोकरी सोडली होती. राजीनामा माझ्या हाती देताना ते एकच वाक्य बोलले: "सर, आपण उघडा म्हणालात, मी उघडले." पुढे मंडळाने नियम केला की, कोणतीही शाखा बंद पडल्यावर दुसऱ्या दोन शाखांच्या नोंदी ताडून, चिटणिसाच्या लेखी हुकुमाविना उघडू नये. तो नियम मीच लिहिला. पण तो का करावा लागला, हे त्या ठरावात लिहिले नाही.

ते गृहस्थ हल्ली लालबागेत मुलाकडे असतात. रात्री जेवण झाल्यावर रेडिओ लावण्याची त्यांना जुनी सवय आहे, असे मला कळले. त्या शुक्रवारी त्यांनी मला विचारले होते की थांबू काय, आणि थांबा म्हणणे हे माझे काम होते.